फोन जोडून देताना: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात आम्ही कार्यालयातील टेलिफोनविषयी प्रश्न मागवले होते. फोन कसा उचलावा हे कोणीही विचारले नाही. पत्रे आली ती उचललेला फोन दुसऱ्याच्या हाती कसा द्यावा आणि तोवर समोरच्या माणसाला कसे थांबवावे, याविषयीची. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न: आमच्याकडे साधे फोन एका इपीएबीएक्स यंत्रणेला, म्हणजे कार्यालयातल्या छोट्या टेलिफोन एक्स्चेंजला, जोडलेले आहेत. कॉल दुसऱ्या टेबलावर द्यायचा असला की मी रिसीव्हरखालची कळ क्षणभर दाबते. कधी काम होते, कधी फोन कट होतो. शेजारची सहकारी हेच करते, पण तिचा कॉल कधी तुटत नाही. दोष माझ्या हाताचा की फोनचा?

दोष हाताचाही नाही आणि फोनचाही नाही. प्रश्न वेळेचा आहे. साधा फोन आणि यंत्रणा यांच्यामध्ये दोनच तारा असतात. रिसीव्हर उचलला की त्यांतून विद्युत्प्रवाह वाहू लागतो आणि ठेवला की थांबतो. आपण कळ दाबली, ठेवली की नुसती हाताळली, हे यंत्रणेला दिसत नाही. प्रवाह किती वेळ तुटला एवढेच तिला कळते. चकतीच्या फोनवर अंकसुद्धा याच भाषेत सांगितले जात. सेकंदाला दहा ठोके पडत आणि प्रत्येक ठोक्यात प्रवाह साधारण 60 मिलिसेकंद तुटत असे. त्याहून लांब, पण फोन ठेवल्यासारखा वाटणार नाही इतका आखूड असा जो मधला अवकाश उरला, तो ‘थांब, मला आणखी काही सांगायचे आहे’ या खुणेसाठी राखून ठेवण्यात आला. यालाच फ्लॅश म्हणतात.

अडचण अशी की हा अवकाश नेमका किती असावा, याबाबत सगळ्या यंत्रणांचे एकमत नाही. काहींना 100 मिलिसेकंदांच्या आसपासची खूण हवी असते, तर काहींना 600 ची. बोट जरा रेंगाळले की यंत्रणा समजते की आपण फोन ठेवला, आणि कॉल तोडते. उलट बोट फार चपळ असेल तर ती खूण चकतीवर फिरवलेला 1 हा अंक समजली जाऊ शकते किंवा तिची दखलच घेतली जात नाही. आपल्या सहकारी बाईंचे बोट योगायोगाने यंत्रणेच्या मापाचे आहे, इतकेच.

म्हणून कळ हाताने दाबण्याची सवय सोडावी आणि फोनवर ‘फ्लॅश’, ‘आर’ किंवा ‘रिकॉल’ असे लिहिलेले बटण असेल तर ते वापरावे. हे बटण किती वेळ दाबले याला महत्त्व नसते, कारण प्रवाह ठरावीक काळच तुटतो. ते दाबूनही कॉल तुटत असेल तर फोनची वेळ आणि यंत्रणेची वेळ जुळत नाही. यंत्रणा बसवून देणाऱ्या तंत्रज्ञाला ‘फ्लॅश टाइम जुळवून द्या’ एवढे सांगितले की त्याला पुरते.

आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. फ्लॅश दिल्यावर समोरचा माणूस आपोआप होल्डवर जातो आणि आपल्याला नवा, पुष्कळदा तुटक असा डायल टोन ऐकू येतो. हा टोन ऐकल्याशिवाय एक्स्टेन्शन क्रमांक दाबू नये. फ्लॅश लागलाच नसेल तर दाबलेल्या आकड्यांचे सूर थेट ग्राहकाच्या कानात वाजतात, आणि आपण त्याचा फोन जोडत आहोत की त्याची चेष्टा करत आहोत, हे त्याला कळेनासे होते. हवे असलेले एक्स्टेन्शन एंगेज निघाले तर पुन्हा फ्लॅश द्यावा; बहुतेक यंत्रणांत आपण मूळ माणसाकडे परत येतो.

प्रश्न: वरिष्ठ म्हणतात होल्ड वापरा. मी म्यूट वापरतो. दोन्हींत समोरच्याला आपले बोलणे ऐकू जात नाही. मग फरक काय पडतो?

म्यूट हा आपल्या फोनचा खासगी व्यवहार आहे आणि होल्ड ही यंत्रणेला दिलेली सूचना आहे. म्यूटमध्ये केवळ आपला माइक बंद होतो. समोरचा माणूस आपल्याच कानात असतो, आपली लाइन अडकलेली राहते आणि त्याला मात्र पूर्ण शांतता ऐकू येते. शांततेचा अर्थ प्रत्येक जण ‘फोन कट झाला’ असाच लावतो, दोन वेळा ‘हॅलो, हॅलो’ म्हणतो आणि फोन ठेवून देतो. होल्ड दाबल्यावर तो कॉल यंत्रणेच्या ताब्यात जातो. त्याला संगीत किंवा ठरावीक अंतराने वाजणारा सूर ऐकवता येतो, आपल्याला दुसरा क्रमांक लावता येतो आणि आपण त्याला विसरलो तर यंत्रणा आठवणही करून देते.

पाच-दहा सेकंद खोकला आवरायचा असेल तर म्यूट योग्य आहे. फाइल शोधायला उठायचे असेल तर होल्डच हवा. रिसीव्हरच्या तोंडावर तळहात ठेवून शेजाऱ्याशी बोलणे मात्र सर्वांत वाईट, कारण हातातून आवाज जातो आणि नेमके जे ऐकू जाऊ नये तेच जाते.

जिज्ञासूंसाठी सांगतो: दोन लाइनींच्या जुन्या फोनमध्ये होल्डचे बटण म्हणजे लाइनच्या दोन तारांमध्ये एक रोधक जोडणे, यापलीकडे काही नसे. त्या रोधकातून प्रवाह वाहत राही, त्यामुळे रिसीव्हर अजून उचललेलाच आहे अशी एक्स्चेंजची समजूत कायम राही आणि आपण निर्धास्तपणे दुसरी लाइन घेत असू. फ्लॅशमागे जे तत्त्व आहे तेच येथेही आहे: प्रवाह सांगेल ते एक्स्चेंज खरे मानते.

प्रश्न: फोन जोडून देताना आधी सहकाऱ्याला विचारावे की सरळ जोडून मोकळे व्हावे? आमच्या स्वागतकक्षात यावरून दोन तट पडले आहेत. विचारत बसलो तर इतर लाइनी वाजत राहतात, आणि न विचारता दिला तर आतून तक्रारी येतात.

दोन्ही तटांचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे, पण दोघे वेगवेगळ्या कॉलविषयी बोलत आहेत.

न विचारता जोडून देण्याला ब्लाइंड ट्रान्सफर म्हणतात. आपण क्रमांक दाबतो, रिसीव्हर ठेवतो आणि पुढे काय झाले ते आपल्याला कळत नाही. फोन करणाऱ्याने विशिष्ट विभागच मागितला असेल, तो विभाग फोन घेतो असा अनुभव असेल आणि सांगण्यासारखी वेगळी पार्श्वभूमी नसेल, तेव्हा हाच मार्ग योग्य आहे. ‘हिशेब विभाग द्या’ म्हणणाऱ्या माणसाला हिशेब विभाग द्यावा. त्यात चर्चेला जागा नाही.

विचारून देण्याच्या पद्धतीत आपण पहिल्याला होल्डवर ठेवतो, सहकाऱ्याला फोन लावतो, त्याच्याशी बोलतो, त्याचा होकार मिळाल्यावरच ट्रान्सफर पूर्ण करतो आणि बाजूला होतो. माझ्या मते खालील प्रसंगी याला पर्याय नाही: माणूस चिडलेला आहे, त्याची हकिकत लांबलचक आहे, तो आधीच एकदा इकडून तिकडे फिरवला गेला आहे, किंवा सहकारी जागेवर आहे की नाही याची आपल्यालाच खात्री नाही. तक्रार घेऊन आलेल्या माणसाचा खरा संताप थांबावे लागल्याचा नसतो. तेच रामायण चौथ्या माणसाला पहिल्यापासून सांगावे लागते, याचा असतो. सहकाऱ्याला आपण जे एक वाक्य सांगतो, ‘बिल दोनदा आले आहे, मागच्या आठवड्यातही फोन केला होता, आवाज चढलेला आहे’, त्या वाक्याने ते रामायण टळते. वेळ लागतो तो पंधरा-वीस सेकंदांचा.

तेव्हा मी असे सुचवेन की तट मिटवण्यासाठी नियम करू नये, यादी करावी. कोणत्या एक्स्टेन्शनवर न विचारता कॉल द्यायचे, ते त्या विभागांनीच लिहून द्यावे आणि बाकी सर्वत्र विचारून द्यावे. स्वागतकक्षातील व्यक्तीवर हा निर्णय दिवसातून अनेकदा एकट्याने घेण्याची वेळ आणू नये.

कोणत्याही पद्धतीत जोडण्यापूर्वी फोन करणाऱ्याला दोन गोष्टी सांगाव्यात: आपण कोणाकडे आणि का देत आहोत, आणि कट झाल्यास कोणता क्रमांक लावावा. ‘आपला फोन मी दुरुस्ती विभागाकडे जोडून देते, मध्येच तुटला तर थेट 214 हे एक्स्टेन्शन मागा’ हे वाक्य पाठ करून ठेवण्यासारखे आहे. नुसते ‘एक मिनिट हं’ म्हणून माणसाला संगीताच्या स्वाधीन करणे म्हणजे टोलवाटोलवीचा पहिला टोला होय.

प्रश्न: जोडून दिलेला कॉल थोड्या वेळाने माझ्याकडेच परत वाजतो. हा बिघाड आहे का?

नाही. पलीकडे ठरावीक वेळात कोणी फोन उचलला नाही की यंत्रणा तो कॉल देणाऱ्याकडे परत पाठवते. होल्डवर विसरलेला कॉलही तसाच परत येतो. त्याची रिंग बहुधा वेगळ्या लयीत वाजते, ती ओळखायला शिकावे. अशा कॉलला नेहमीचे ‘नमस्कार, आपल्याला कोण हवे आहे?’ म्हणू नये, कारण त्या बिचाऱ्याने हे आपल्याला आधीच सांगितलेले असते. परत येण्याची मुदत तंत्रज्ञाकडून बदलून घेता येते. ही सोय बंद करून घेण्याचा मोह मात्र टाळावा, कारण मग न उचललेला कॉल कोणाच्याच लक्षात येत नाही.

प्रश्न: आमच्या गोदामातील पर्यवेक्षक एका जागी सापडत नाहीत. त्यांचा फोन आला की मी तीन-चार एक्स्टेन्शनवर शोधत बसतो. काही सोपा उपाय आहे का?

आपल्या यंत्रणेत कॉल पार्कची सोय आहे का ते पाहावे. साधा होल्ड ज्या फोनवर लावला त्या फोनशी बांधलेला असतो. पार्क केलेला कॉल मात्र यंत्रणेतील एका क्रमांकित जागेवर नेऊन ठेवला जातो आणि कोणत्याही फोनवरून तो क्रमांक लावला की तो तेथे मिळतो. आपण कॉल समजा 71 वर पार्क करावा आणि ध्वनिक्षेपकावरून ‘आपला फोन 71 वर आहे’ एवढेच पुकारावे. पर्यवेक्षक जेथे असतील तेथील जवळचा फोन उचलतील, 71 दाबतील आणि बोलू लागतील. त्यांना शोधण्याचे काम आपल्यावरून उतरते. पुकारताना फोन करणाऱ्याचे नाव किंवा काम जाहीर करू नये. गोदामात पाहुणेही असतात.

याचीच जुळी सोय म्हणजे कॉल पिकअप. शेजारच्या रिकाम्या टेबलावर वाजणारा फोन आपल्या जागेवरूनच, एक कोड दाबून, उचलता येतो. या दोन सोयी पुष्कळ यंत्रणांत आधीपासून असतात. त्यांचे कोड कोणी सांगितलेले नसतात, एवढेच.

प्रश्न: होल्डवर संगीत लावण्याची पद्धत कोठून आली? आणि ते संगीत इतके फाटके का ऐकू येते? आम्हांला आवडते गाणे लावायचे आहे.

याचे श्रेय अमेरिकेतील आल्फ्रेड लेव्ही या कारखानदाराकडे जाते. त्याच्या कारखान्यातील टेलिफोनची एक सैल तार इमारतीच्या लोखंडी तुळईला टेकली, त्यामुळे शेजारच्या रेडिओ केंद्राचे प्रक्षेपण लाइनवर उतरू लागले आणि होल्डवर थांबलेल्यांना गाणी ऐकू येऊ लागली, अशी हकिकत सांगितली जाते. कोणी दुसरा असता तर त्याने तार दुरुस्त करून घेतली असती. लेव्हीने 1962 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि 1966 मध्ये त्याला पेटंट मिळाले.

फाटकेपणाचे कारण असे की टेलिफोन बोलण्यासाठी बांधला गेला, गाण्यासाठी नाही. परंपरागत टेलिफोन लाइन साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा वाहून नेते. बोलणे समजायला तो पुरतो. पियानोची शेवटची पट्टी मात्र सुमारे 4186 हर्ट्झची असते, म्हणजे तिचा मूळ सूरच दाराबाहेर राहतो. खालच्या बाजूने ढोल-तबल्याचा घुमारा कापला जातो तो वेगळाच. त्यात इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनमध्ये जागा वाचवण्यासाठी आवाज दाबला जातो. जी.711 ही पद्धत सेकंदाला 64 किलोबिट वापरते, तर जी.729 केवळ 8. एवढी काटकसर जमते, कारण जी.729 ही पद्धत येणारा ध्वनी मानवी कंठातून निघाला आहे असे गृहीत धरते. तिच्यापुढे सतार वाजवली तर ती सतारीला बोलणारा माणूस समजून तिचे वर्णन करू पाहते, आणि आपल्याला पाण्याखालून आल्यासारखे काहीतरी ऐकू येते. वाद्ये कमी, लय संथ, आवाजाची पातळी एकसारखी आणि सूर मधल्या पट्टीतले असे संगीत त्यातल्या त्यात टिकते. शक्य असल्यास होल्डसंगीतासाठी जी.711 ठेवण्यास तंत्रज्ञाला सांगावे.

आवडत्या गाण्याविषयी दोन अडचणी आहेत. पहिली हक्कांची: स्वतःसाठी विकत घेतलेले गाणे शेकडो अनोळखी लोकांना ऐकवण्याची परवानगी त्या खरेदीत सहसा नसते, म्हणून परवाना घ्यावा किंवा परवानामुक्त संगीत वापरावे. दुसरी अडचण अशी की ते गाणे लवकरच आपल्याला आवडेनासे होईल. संगीतापेक्षा मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की दर अर्ध्या-पाऊण मिनिटाला कोणीतरी परत येऊन ‘अजून शोधत आहे, थांबता का, की मी फोन करू?’ असे विचारावे. ध्वनिमुद्रित ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ या वाक्यावर आता कोणाचाही विश्वास राहिलेला नाही.

प्रश्न: आम्ही इंटरनेटवर चालणारे नवे फोन घेतले. तेव्हापासून काही कॉल साधारण अर्ध्या मिनिटाने, काही होल्डवर ठेवल्यावर आणि काही पंधरा मिनिटांनी कट होतात. पुरवठादार इंटरनेटला दोष देतो, इंटरनेटवाला फोनला.

कॉल केव्हा तुटतो याची घड्याळ लावून नोंद करावी, कारण येथे आकडाच रोगाचे नाव सांगतो.

या फोनमध्ये दोन तारांमधला प्रवाह नसतो. सर्व व्यवहार निरोपांवर चालतो. त्या निरोपांच्या भाषेला एसआयपी म्हणतात आणि तिचे आजचे मूळ नियम 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. एक यंत्र निरोप पाठवते, दुसरे ‘मान्य’ म्हणते आणि पहिले ‘आपले मान्य पोहोचले’ अशी पोच देते. ही शेवटची पोच आली नाही तर ‘मान्य’ म्हणणारे यंत्र तेच पुन्हा पुन्हा सांगत राहते, आणि नियमातील नेहमीच्या मापांप्रमाणे 32 सेकंदांनी हार मानून कॉल तोडते. म्हणून 32 सेकंदांच्या आसपास तुटणारा कॉल हा बहुधा हरवलेल्या पोचपावतीचा प्रकार असतो. कार्यालयाचा राउटर निरोपांतील पत्ते चुकीचे बदलतो, हे त्याचे नेहमीचे कारण. पुष्कळ राउटरमध्ये ‘एसआयपी एएलजी’ नावाची मदतीसाठी ठेवलेली सोय असते. ती बंद केल्यावर हा त्रास थांबल्याची उदाहरणे विपुल आहेत.

होल्डवर तुटणाऱ्या कॉलचे कारण निराळे. होल्ड म्हणजे ‘मी पाठवीन, तू फक्त ऐक’ असा नवा करार. त्यानंतर एका बाजूने आवाजाची पाकिटे (ज्या छोट्या तुकड्यांत आवाज पाठवला जातो ते) येणे थांबते आणि आपला फोन, सर्व्हर किंवा फायरवॉल असे समजते की पलीकडे कोणी उरलेच नाही. बऱ्याच यंत्रणांत आवाज न आल्यास कॉल तोडण्याची एक मुदत असते आणि होल्डसाठी तीच मुदत वेगळी, लांब ठेवता येते. ती पाहून घ्यावी.

पंधरा किंवा तीस मिनिटांना नेमका तुटणारा कॉल हा सत्राच्या मुदतीचा असतो. कॉल अजून जिवंत आहे ना, याची खातरजमा करण्यासाठी यंत्रे ठरावीक काळाने निरोप पाठवतात. या मुदतीसाठी सुचवलेले नेहमीचे मूल्य 1800 सेकंद आहे आणि ताजा निरोप साधारण त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 900 सेकंदांना जातो. तो वाटेत अडला की आपले संभाषण अडते. आकड्यांनिशी केलेली ही नोंद दोन्ही पुरवठादारांपुढे ठेवली की एकमेकांकडे बोट दाखवणे त्यांना बरेच अवघड जाते.

प्रश्न: सहकाऱ्याने जोडून दिलेल्या कॉलवर बाहेरच्याचा क्रमांक न दिसता सहकाऱ्याचाच दिसतो.

विचारून दिलेल्या कॉलमध्ये आधी सहकारीच आपल्याशी बोलत असतो, म्हणून त्याचा क्रमांक दिसणे साहजिक आहे. ट्रान्सफर पूर्ण झाल्यावर चांगली यंत्रणा तो बदलते. जुन्या साध्या फोनवर तो बदलत नाही. क्रमांक तोंडी विचारून घेणे हाच तेथे उपाय.

प्रश्न: कार्यालयात आलेला कॉल कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर जोडून देता येतो का? व्यवस्थापनाने ही सोय बंद ठेवली आहे.

तांत्रिकदृष्ट्या येतो, पण व्यवस्थापनाची भीती निराधार नाही. असा कॉल एका लाइनने आत येतो आणि दुसऱ्या लाइनने बाहेर जातो, म्हणजे आपण रिसीव्हर ठेवला तरी कार्यालयाच्या दोन लाइनी अडकून राहतात आणि बाहेर गेलेल्या कॉलचा खर्च आपल्याकडे येतो. साध्या दोन तारांच्या लाइनींवर आणखी एक धोका आहे. दोन्ही बाहेरच्यांनी फोन ठेवला तरी एक्स्चेंजकडून तशी खूण आली नाही तर आपल्या यंत्रणेला ते कळत नाही, आणि कोणीही बोलत नसलेला कॉल तासन्‌तास चालू राहतो.

याच सोयीवर एक जुनी फसवणूक उभी आहे. ‘टेलिफोन कंपनीकडून बोलतो, लाइन तपासायची आहे, मला अमुक आकड्यांवर ट्रान्सफर करा’ असे सांगणारा फोन येतो. त्या आकड्यांतील पहिला असतो तो आपल्या यंत्रणेत बाहेरची लाइन देणारा, बहुधा 0 किंवा 9. स्वागतकक्षाने तो भाबडेपणाने जोडला की फसवणारा आपल्या खर्चाने हवा तेथे बोलू लागतो.

मधला मार्ग असा: ज्या थोड्या कर्मचाऱ्यांना खरोखर गरज आहे त्यांचेच मोबाइल क्रमांक यंत्रणेत आखूड क्रमांक म्हणून नोंदवून घ्यावेत, तेवढ्यांवरच बाहेर ट्रान्सफर होऊ द्यावे आणि अशा कॉलला कमाल वेळेची मर्यादा घालावी. ही व्यवस्था केल्यावर पहिल्या महिन्याचे बिल ओळीने तपासावे.